साडेआठ गुणांचा टायर

कारखान्यात त्याला सगळे काटा म्हणत. तराजूचा काटा. अंगाने तो काटकुळा मुळीच नव्हता. चांगला ऐसपैस गडी, गाडीत बसला की आधी सीट कुरकुरायची. पण गुण देताना पाव गुणसुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही, म्हणून काटा.

काम ऐकायला सोपं. टायरच्या कारखान्यामागे चाचणीचा ट्रॅक होता, आणि ट्रॅकच्या पोटात एक मोठं डांबरी वर्तुळ. त्यावर फवाऱ्यांनी सतत पाणी सोडलेलं असे. नव्या टायरची गाडी त्या ओल्या वर्तुळावर फिरवायची, वेग चढवत न्यायचा, टायर कुठे पाय सोडतो ते बघायचं आणि खाली उतरून दहापैकी गुण लिहायचे. ब्रेकला किती, वळणाला किती, आवाजाला किती. गाडीत यंत्रंही असत. ती सेकंद आणि मीटर मोजत. पण हा टायर लोकांना द्यावा की नाही, हे यंत्राच्या कागदावर येत नसे. ते काट्याच्या कागदावर यायचं. एकतीस वर्षं येत होतं.

"टायर बुडाला कळतो," तो नव्या लोकांना सांगायचा. "हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो." लोक हसायचे, आणि दोन-तीन वर्षांनी तेच वाक्य आपलं म्हणून दुसऱ्यांना ऐकवायचे.

त्याची भाषा मात्र कुणाला कळत नसे. "हा टायर आधी हो म्हणतो आणि मग विचार करतो," असं तो कागदावर लिहायचा. "याचं पाऊल जड आहे." "हा तोंडावर गोड बोलतो आणि मागून शेपूट काढून घेतो." प्रयोगशाळेतले लोक डोक्याला हात लावायचे. रबरात काय कमी करू आणि काय वाढवू, ते यातून कसं काढायचं?

ते एकालाच काढता यायचं. त्याच्या मेहुण्याला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, त्यामुळे ताईचं लग्न झालं तसा तोही ताईच्या पाठोपाठ याच घरात राहायला आला. इथेच वाढला, इथूनच रसायनशास्त्र शिकला. जेवताना दाजी टायरबद्दल बोलायचे आणि हा ऐकायचा. पदवी हातात आली तेव्हा काट्याने कारखान्यात शब्द टाकला. आयुष्यात त्याने कुणासाठी शब्द टाकला असेल तर तो तेवढाच. पुढे पोरगा स्वतःच्या हुशारीने चढत गेला आणि रबर आणि नक्षी या दोन्ही विभागांचा प्रमुख झाला.

काट्याने "शेपूट काढून घेतो" असं लिहिलं की मेहुणा कागद घेऊन ट्रॅकवर यायचा. दोघं टायरशेजारी उकिडवे बसायचे. खाचांमधल्या रबराच्या उंचवट्यांना ते गोट्या म्हणत. मेहुणा नक्षीच्या खाचांत बोट घालून म्हणायचा, "दाजी, कडेच्या गोट्या डगमगतायत. दोन गोट्यांच्या मध्ये खाली एक छोटा पूल टाकतो, एकमेकींना धरून राहतील." पंधरा दिवसांनी नवा नमुना यायचा, आणि शेपूट जागेवर असायचं. काटा खाली उतरून नुसता मान हलवायचा. मेहुण्याला तेवढं पुरायचं.

त्यांचं खरं वेड ओल्या रस्त्याचं होतं. पाण्यावर पकड धरायची तर रबरात नुसती काजळी घालून भागत नाही, सिलिका घालावी लागते. वाळूच्याच जातीची, पिठासारखी पांढरी भुकटी. पण सिलिकाचं आणि रबराचं मुळात पटत नाही. त्यांची समजूत घालायला मध्ये तिसरं एक द्रव्य लागतं, आणि वेळ लागतो. मिक्सरमध्ये बेताच्या उष्णतेवर मळायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा मळायचं, असं तीनदा. घाई केली की बारीक गुठळ्या राहतात, रबर कडक होतं आणि ऐन वेळी पाण्यावरून धावत सुटतं. कोरड्यात कळतसुद्धा नाही.

सात वर्षांपूर्वी मेहुण्याने एक नमुना आणला. काट्याने तोवर कुठल्याच टायरला पावणेआठच्या वर गुण दिले नव्हते. त्या दिवशी त्याने ओल्या वर्तुळावर नेहमीच्या सहा फेऱ्यांऐवजी अकरा मारल्या. खाली उतरला, फवाऱ्यांच्या पाण्यातून चालत आला, कट्ट्यावर बसला, बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि कागदावर लिहिलं, साडेआठ. शेरा एकाच ओळीचा होता: "हा सांगून घसरतो." टायर शेवटी कुठलाही घसरतोच, पण चांगला टायर आधी कळवतो, सावरायला वेळ देतो. मेहुण्याने कागद वाचला आणि दुसरीकडे तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

त्या साडेआठ गुणांचं कारखान्याने सोनं केलं. शहरातल्या प्रत्येक टायरच्या दुकानात मोठा फलक लागला. हाताची घडी घातलेला काटा, कपाळावर उन्हाने आठ्या, आणि खाली अक्षरं: 'आमच्या सगळ्यात कडक परीक्षकाचे साडेआठ गुण.' काट्याला त्याची लाज वाटायची. दुकानासमोरून जाताना तो मान खाली घालायचा. बायको मात्र मुद्दाम थांबायची आणि म्हणायची, "घरी कधी एवढे ऐटीत उभे राहिला नाहीत."

त्याची एकुलती एक लेक फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम द्यायची. कुणाचा खांदा आखडलेला, कुणी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. दिवसभर गाडीतच. आजवर तिच्या गाडीला कारखान्यातूनच टायर यायचे. चाचणी झालेले, अजून पुष्कळ जीव उरलेले. काट्याच्या स्वतःच्या गाडीलाही तेच असत. पण या खेपेला तिचे टायर घासून पार गुळगुळीत झाले होते आणि बापाला मागायला तिला वेळ नव्हता. ती सरळ दुकानात गेली.

"तुमच्या फोटोसमोर उभं राहून घेतले," तिने घरी येऊन सांगितलं. "दुकानदार म्हणाला, वडील आहेत का? मग डोळे मिटून घ्या."

दोन महिन्यांनी, एका भुरभुर पावसाच्या सकाळी, दवाखान्याजवळच्या उतारावर तिची गाडी सिग्नलला थांबलीच नाही. सरळ जाऊन दगडी कठड्यावर आदळली. दुसरं कुणी मध्ये नव्हतं हे नशीब. पण स्टिअरिंगवरचा तिचा उजवा हात मनगटात दोन ठिकाणी मोडला.

बातमी कळताच काटा आणि बायको धावले. मेहुणा त्यांच्याही आधी पोचला होता. पोर पांढरीफटक पडलेली, हात प्लास्टरमध्ये.

जिवावरचं मनगटावर गेलं म्हणून काट्याने सुस्कारा टाकला, आणि दुसऱ्याच श्वासाला विचारलं, "किती वेगात होतीस?"

"तीसच्या आत, बाबा."

"तीसच्या आत तो टायर घसरत नाही. मी त्याच्यावर सत्तरला ब्रेक मारलेत."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी एवढंच म्हणतोय की टायर खोटं बोलत नाही. घाई असेल तुला. पुढच्या पेशंटला उशीर झाला असेल."

लेकीने पाण्याची बाटली उचलली. तिला पाणी हवं होतं. एका हाताने बाटलीचं झाकण निघेना, तेव्हा मेहुण्याने बाटली घेतली, झाकण उघडून दिलं आणि हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना दाजी. पोर दुखण्यात आहे."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो म्हणाला, "गाडी गॅरेजमधून आली की ते टायर काढून टाकू. मी चार नवे पाठवतो."

"टायरना काय धाड भरलीये?" काटा म्हणाला. "दोन महिने तर झालेत घालून."

"नाही, आपटलेत म्हणून म्हटलं."

"आपटली ती गाडी. टायर शाबूत आहेत." आणि तो विषय तिथेच संपला.

पुढचे सहा आठवडे लेक आईकडेच राहिली. पेशंटचे फोन यायचे, तेव्हा सांगायची, "माझीच चूक झाली, जरा वेगात होते." काट्याच्या कानावर ते पडायचं. त्याला वाटायचं, बरं झालं, पोरगी सावध झाली. गाडी आता पुन्हा चालवणार नाही म्हणाली, त्याचंही त्याने फारसं मनावर घेतलं नाही.

एका शनिवारी सकाळी गॅरेजमधून तिची गाडी आणायला तो गेला. परत येताना वाट बाजारातून होती. दुकानं उघडायच्या आधी रस्ता धुवायचं काम चाललं होतं, फरशीवरून पाण्याचा पातळ थर वाहत होता. समोर एक हातगाडी आली. त्याने सहज ब्रेकवर पाय ठेवला.

गाडी हातभर पुढे गेली. हातभरच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण काट्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. टायरने काही कळवलंच नव्हतं.

तो वळून पुन्हा त्याच रस्त्यावर आला. पुन्हा ब्रेक. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थोड्या जास्त वेगाने. चौथ्या वेळी टोपल्या मांडणारी एक बाई ओरडली, "ओ काका, गाडी शिकताय होय? दुसरीकडे शिका, माझा माल चिरडाल!"

त्याने गाडी कडेला घेतली. खिशात नेहमी एक छोटं यंत्र असायचं, घड्याळाएवढं, खाली टोचणारी सुई असलेलं. रबरावर दाबलं की तबकडीवर कडकपणाचा आकडा दिसतो. मेहुण्याचं रबर त्याला पाठ होतं: चौसष्ट, फार तर पासष्ट. त्याने नक्षीतली एक गोटी निवडली आणि दाबलं. एकाहत्तर. दुसऱ्या चाकाला एकाहत्तर. तिसऱ्याला बहात्तर. नक्षी तीच, खाचा त्याच, त्याच साच्यातून निघालेली गोटी अन् गोटी. फक्त अंग वेगळं.

पडून पडून रबर थोडं कडक होतं, हे त्याला ठाऊक होतं. टायरच्या बाजूवर बनवल्याचा आठवडा छापलेला असतो, तो त्याने वाचला. माल ताजा होता. मग वाटलं, नकली असतील. तिथून तो तडक त्या दुकानात गेला. दुकानदाराने फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. काटा बसला नाही. मांडणीवरच्या एकेका टायरवर त्याने सुई टोचली. नऊ टायर, तीन वेगवेगळ्या आठवड्यांतले. सत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर, बहात्तर. त्याचा स्वतःचा फोटो वर भिंतीवर हाताची घडी घालून उभा होता.

शनिवारी प्रयोगशाळा दुपारपर्यंत चालू असे. काटा तिथे पोचला तो धापा टाकत. रागावलेला होता, पण कुणावर हे ऐकाल तर नवल वाटेल. मिक्सरवरच्या लोकांवर. आपल्या मेहुण्याच्या रबराची कुणीतरी वाट लावतंय आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही, असं त्याच्या मनाने पक्कं धरलं होतं. त्याला सावध करायला तो आला होता.

मेहुण्याची खोली टोकाला होती. टेबलावर रबराच्या चकत्या पडलेल्या.

"अरे, तुझ्या नाकाखाली काय चाललंय बघ!" काटा दारातूनच सुरू झाला. "एकाहत्तर! नऊ टायर तपासले. मळण्यात चोरी चाललीये. सोमवारी सकाळी आधी मिक्सरवाल्यांना बोलाव, मी येतो तुझ्याबरोबर. तुझं नाव खराब करतायत लेकाचे."

मेहुण्याने हातातल्या पेनाला टोपण लावलं. उठला, काट्याच्या मागे गेला आणि दार लावून घेतलं.

टायर घसरण्याच्या आधी एक क्षण असा येतो की स्टिअरिंग एकदम हलकं होतं. पिसासारखं. चालवणाऱ्याला त्या क्षणीच कळतं की आता खाली काही उरलेलं नाही. दार लागल्याचा आवाज आला आणि काट्याला तसंच वाटलं.

"बसा, दाजी."

"उभाच बरा आहे. बोल."

"मिक्सर दोनच आहेत. तीनदा मळायचं तर निम्मेसुद्धा टायर निघत नाहीत. वरून सांगितलं, एकदाच मळा, सिलिका उतरवा, काजळी चढवा. मी नाही म्हटलं. महिनाभर नाहीच म्हणत होतो."

"आणि मग?"

"मग हो म्हटलं."

"कधीपासून?"

मेहुणा टेबलाकडे बघत राहिला. "पहिल्यापासून. तुमचा साडेआठचा टायर बाजारात कधी गेलाच नाही."

"त्यानंतरचे तीन नमुने?"

"तेही नाहीत. तुमच्यासाठी छोट्या मिक्सरमध्ये वेगळं मळायचो. मी स्वतः मळायचो."

"सात वर्षं." काट्याचा आवाज इतका शांत होता की त्याचा त्यालाच परका वाटला. "सात वर्षं तू माझ्या शेजारी उकिडवा बसून खाचांत बोटं घालत होतास. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गुण दिले असते?"

मेहुणाच घाईघाईने पुढे बोलला, "मी तुमच्या तोंडून काही खोटं वदवलं नाही, दाजी. ज्यावर बसलात त्याचेच गुण दिलेत. तुमचा शब्द खराच आहे."

"शब्द खरा आहे आणि टायर दुसराच आहे. मग तो शब्द कशाला चिकटवलास तू?" काटा थांबला. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात वर येत होती आणि ती येऊ नये असं त्याला वाटत होतं. "पोरीने दुकानातून टायर घेतले, हे तुला कधी कळलं?"

"तिनेच फोन केला होता. मामा, तुमचे टायर घातले म्हणून."

"अपघाताआधी?"

"...आधी."

"म्हणजे दोन महिने. दोन महिने तुला ठाऊक होतं की माझी लेक कशावर फिरतेय."

"मी रोज ठरवायचो, काहीतरी निमित्त काढून बदलून देतो. पण तुम्ही विचारलं असतं का म्हणून..."

"तू तिथे उभा होतास," काटा म्हणाला. "दवाखान्यात. मी पोरीला बोलत होतो, खोटी पाडत होतो, आणि तू तिला बाटलीचं झाकण उघडून देत होतास."

मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दाजी, माझं खरं रबर जगात फक्त तुमच्यापर्यंत पोचायचं. तुम्ही उतरून मान हलवलीत की वाटायचं, निदान एका माणसाला ठाऊक आहे मी काय करू शकतो ते."

तो खरं बोलत होता, हे काट्याला समजत होतं. तेच तर जास्त लागलं. सात वर्षं आपण परीक्षक आहोत असं तो समजत होता. खरं तर त्याच्यासाठी एक वेगळंच छोटं जग मळून, साच्यात घालून, पाणी शिंपडून ठेवलेलं होतं, आणि तो त्यात गोल गोल फिरत होता.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "त्याला कामावरून काढतील का हो?" विचारला आणि लगेच तोंडावर हात धरला. "पोरीचं आधी विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

लेक खिडकीपाशी बसून डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून दुमडत होती, पेशंटना शिकवायची तशी. काटा समोर बसला. त्याला वाटलं होतं हे सांगणं सोपं जाईल. चूक टायरची निघाली, पोर सुटली. त्याने सांगितलं. ती ऐकत होती तोवर तिची बोटं थांबली होती.

"मी तीसच्या आत होते," ती म्हणाली.

"होतीस."

"पूर्ण म्हणा."

"तू तीसच्या आत होतीस."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मामाने केसाने गळा कापला, हे खरं. पण बाबा, मामा नुसता गप्प बसला. बोललात ते तुम्ही. सहा आठवडे मी स्वतःलाच विचारत होते की माझं डोकं ठिकाणावर आहे ना. एकदासुद्धा तुम्हाला वाटलं नाही, पोरगी म्हणतेय तर खाली वाकून टायर बघावा?"

तो म्हणाला, "नाही वाटलं."

सोमवारी त्याने दुकानातून चार टायर आणले, चाचणीच्या गाडीला स्वतः चढवले आणि ओल्या वर्तुळावर सहा फेऱ्या मारल्या. कागदावर प्रत्येक टायरचा क्रमांक आणि आठवडा लिहिला, आणि खाली गुण: सव्वापाच. शेरा: "हा सांगत नाही." कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी दोन बोटांनी तो परत सरकवला. "हा नमुना चाचणीच्या यादीत नाही."

"दुकानाच्या यादीत आहे, साहेब."

"काटा, आठ महिन्यांनी तुम्ही सुखाने घरी जाणार आहात. कशाला?"

त्यानेही स्वतःला हेच विचारलं होतं. रागाने करतोय का? मेहुण्याला धडा शिकवायला? थोडं तेही होतं, तो नाकारत नव्हता. पण फलकावरचा तो माणूस अजून प्रत्येक दुकानात उभा होता आणि लोकांना डोळे मिटून घ्यायला सांगत होता. त्याने कागदाची प्रत टायरवर पकडीचा दर्जा छापायची परवानगी देणाऱ्या बाहेरच्या कार्यालयाला पाठवली. सही केली, पत्ता घातला, काही लपवलं नाही.

त्यांनी चार महिने लावले. गावोगावच्या दुकानांतून टायर विकत घेतले, स्वतःच्या ट्रॅकवर पळवले. दर्जा दोन पायऱ्या खाली आला. दोन मापांचे टायर कारखान्याने परत मागवले आणि वर्तमानपत्रात कोपऱ्यात खुलासा छापला: मिक्सरमधील तांत्रिक दोष. फलक उतरले. आणि दोष कुणाचा म्हणून बोट दाखवायची वेळ आली तेव्हा असं निघालं की 'वरून सांगितलं' त्याचा एकही कागद कुठे नाही. प्रत्येक मिश्रणाच्या तक्त्यावर सही एकाच माणसाची होती. मेहुण्याला काढलं. ज्यांनी वरून सांगितलं ते वरच राहिले.

हे ऐकून काट्याला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. त्याला तर आधीच ट्रॅकवरून हलवून गोदामात बसवलं होतं, टायरच्या चळती मोजायला. ट्रॅकवरचे जुने सोबती जेवायच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसू लागले होते. परत मागवलेल्या टायरपायी रात्रपाळी बंद झाली, माणसं कमी झाली, आणि त्याचं खापर साहेबांवर फुटलं नाही, याच्यावर फुटलं. निरोपाच्या दिवशी चहा झाला, साहेब आले नाहीत. तो आपले ट्रॅकवरचे बूट पिशवीत घालून चालत घरी गेला.

मेहुणा आता गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात पायपुसण्यांचं रबर मळतो. ताईकडे येतो, पण दाजी नसतील अशी वेळ बघून. काट्याला ते कळतं. बायको लपवत नाही आणि सांगतही नाही.

एकदा मात्र दोघांची जिन्यात गाठ पडली. काटा वर चढत होता, मेहुणा उतरत होता. बाजूला सरकायला जागा नव्हती.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "काही मागत नाही. एकच सांगा. तो पहिला नमुना, तो खरंच तेवढा चांगला होता ना? का माझा होता म्हणून..."

काट्याला त्या सकाळची एकेक फेरी आठवत होती. आठव्या फेरीला वेग कुठवर चढला होता, मागच्या डाव्या चाकाने कसं हलकेच खांद्यावर हात ठेवावा तसं कळवलं होतं, सगळं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

जन्मात त्याने टायरबद्दल खोटं सांगितलं ते एवढंच. मेहुणा भिंतीला अंग चिकटवून उभा राहिला आणि काटा वर गेला.

लेकीचं मनगट बरं झालं, पण पुरतं वळत नाही. हाताने दाब द्यायची कामं ती आता करत नाही. पेशंटला समोर बसवून सांगते, दाखवते, करवून घेते. गाडी काटा चालवतो. सकाळी नऊला दोघं निघतात, पाच-सहा घरं करतात. ती आत असते तोवर तो बाहेर गाडीला टेकून उभा राहतो. कुणी ओळखीचा भेटतो आणि विचारतो, "काय हो, गाडीला नवे टायर घ्यायचेत, कुठले घेऊ?" तो म्हणतो, "मला विचारू नका." लोकांना वाटतं, म्हातारा विनयाने बोलतोय.

गाडीत लेक फार बोलत नाही. डावीकडे घ्या, पुढच्या गल्लीत थांबा, एवढंच. रस्ता ओला असला की वळणावर तिचा हात आपोआप दारावरच्या कडीकडे जातो. तिचं लक्षही नसतं. काट्याचं असतं. तो वेग आणखी उतरवतो, मागचे भोंगे वाजवू लागतात, आणि तो त्यांना वाजवू देतो.